मोठा पगार सोडून परदेशात इंग्रजी शिकवायला जाताना

विमा कंपनीच्या क्लेम विभागात अकरा वर्षं काढली, टीम लीडर झाले, आणि मग राजीनामा देऊन थायलंडमधल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला गेले. पगार निम्म्याहून खाली आला. ते आधीच माहीत होतं, त्यामुळे त्याचं फार काही वाटलं नाही. फटके बसले ते भलत्याच ठिकाणी: पदवीवरच्या नावाचा क्रम, करारातल्या 'तास' या शब्दाचा अर्थ, सुट्टीला देशाबाहेर जाताना घ्यायचा राहिलेला एक शिक्का. पाच वर्षांत दोन शाळा आणि मोठ्यांना शिकवणारी एक संस्था अशा तीन नोकऱ्या झाल्या. आता अधूनमधून कोणी ना कोणी विचारतंच, 'मलाही जायचंय, सुरुवात कुठून करू?' म्हणून एकदाच सगळं लिहून काढते आहे, ज्या क्रमाने करायला हवं त्या क्रमाने. मी स्वतः या क्रमाने केलं नव्हतं.

हा लेख पदवी असलेल्या, नोकरीत स्थिरावलेल्या, पण अध्यापनाचं रीतसर शिक्षण न घेतलेल्या माणसासाठी आहे. तुम्ही बी.एड. असाल आणि शाळेत शिकवण्याचा दोन-तीन वर्षांचा अनुभव गाठीशी असेल, तर आंतरराष्ट्रीय शाळांचं वेगळं आणि जास्त पगाराचं दार तुम्हाला उघडं असू शकतं. तुम्ही थेट तिसऱ्या पायरीपासून वाचलंत तरी चालेल.

१. राजीनाम्याआधी दहा आठवडे वर्गावर उभं राहा

फुकट शिकवा. एखादी सेवाभावी संस्था, ग्रंथालय, ऑनलाइन गट, काहीही चालेल. अट एवढीच की समोर किमान सहा-सात जण हवेत आणि ते तुमच्या ओळखीचे नसावेत. भाचीचा गृहपाठ करून घेणं यात धरू नका.

माझा पहिला वर्ग शनिवारी सकाळी असायचा, सगळी मोठी माणसं. प्रेझेंट परफेक्टवर चाळीस स्लाइड करून नेल्या होत्या. विसाव्या मिनिटाला एका गृहस्थांनी वहीतून वाचलं, 'आय हॅव सीन हिम यस्टर्डे', आणि विचारलं, 'मॅडम, हे का चूक?' चूक आहे हे मला ठाऊक होतं. का चूक, ते सांगता येईना. 'कानाला बरोबर लागत नाही' असं म्हणून मी पुढची स्लाइड लावली आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. ते पेन खाली ठेवणं मला अजून दिसतं. घरी येऊन व्याकरण उघडलं: 'यस्टर्डे' म्हणजे संपून गेलेली वेळ, आणि प्रेझेंट परफेक्टचा धागा आत्तापर्यंत यावा लागतो, म्हणून ही दोघं एका वाक्यात नांदत नाहीत. पुढच्या शनिवारी फळ्यावर एक आडवी रेघ मारली, एका टोकाला काल, दुसऱ्या टोकाला आत्ता, आणि चार मिनिटांत काम झालं. त्या वर्गासाठी परत स्लाइड केल्या नाहीत.

एक दिलासा आहे. आपण इंग्रजी शिकून मिळवलेली असते. 'अ' आणि 'द' कुठे लावायचं हे मराठीत वाढलेल्या माणसाला कधीतरी घोकावं लागलेलं असतं, कारण आपल्याकडे ती भानगडच नाही. थाई, जपानी, कोरियन मुलांचंही तेच. कुठे अडखळायला होतं हे आपल्याला आतून माहीत असतं आणि वर्गात त्याचा फार उपयोग होतो.

दहा आठवड्यांनंतर वर्ग सुटल्यावर दमायला होतच असेल. पण पुढच्या वेळी काय वेगळं करायचं हे परतीच्या वाटेवर डोक्यात घोळत असेल, तर पुढच्या पायऱ्या वाचा. देश बघायला मिळतील एवढंच कारण असेल तर रजा टाकून फिरून या. स्वस्तात पडेल, आणि सोमवारी सकाळी आठला चाळीस मुलांसमोर उभं राहायची पाळी येणार नाही.

२. हिशेब शिलकेचा मांडा

देशोदेशीच्या पगारांचे तक्ते आधी बाजूला ठेवा. आत्ता हातात येणारा पगार १०० धरा आणि त्यातून भाडं, हप्ते, ये-जा, बाहेरचं खाणं आणि थकवा घालवायला केलेला खर्च वजा करा. ही शेवटची बाब हसण्यावारी नेऊ नका, माझ्या यादीत ती भाड्याच्या खालोखाल होती. माझे १०० पैकी २२ उरायचे. शाळेत पगार ४० वर आला आणि ९ उरायला लागले. या नऊत मी किती वर्षं काढू शकते, हा प्रश्न मी कागदावर लिहिला आणि उत्तर आलं, पाच. त्या पाच वर्षांत कुठलीही मोठी खरेदी नाही, हे त्यातच आलं.

नव्या देशाचा आकडा मांडताना पुढच्या गोष्टी विसरायला होतात.

कोरियात खासगी अकादम्या, ज्यांना तिथे 'हागवॉन' म्हणतात, आणि सरकारी शाळा बहुधा राहायला जागा देतात. शिवाय वर्ष पूर्ण केलं की तिथल्या कायद्याप्रमाणे साधारण एका महिन्याच्या पगाराएवढी रक्कम वेगळी मिळते. जपानमध्ये उलट: घर घेताना अनामत रकमेशिवाय 'रेइकिन' नावाची, कधीच परत न मिळणारी रक्कम घरमालकाला द्यावी लागू शकते, म्हणजे पहिल्या महिन्यातच खिसा रिकामा. आखाती देशांत पगारावर आयकर नाही आणि पगारही चांगले, पण तिथल्या बऱ्या शाळा शिक्षक-परवाना आणि अनुभव मागतात. थायलंडमध्ये शाळेचं वर्ष मेच्या मध्यापासून मार्चपर्यंत चालतं आणि बरेच करार दहाच महिन्यांचे असतात. मधले दोन महिने पगार नाही. वार्षिक उत्पन्न काढताना दहाने गुणा. मी बाराने गुणलं होतं.

पहिला पगार हातात यायला सहा आठवडे लागू शकतात. घराचं कर्ज एका चलनात आणि पगार दुसऱ्या चलनात असला की विनिमय दर हलला तरी हप्ता तेवढाच राहतो, म्हणून शक्य असेल तर कर्ज फेडूनच निघा. आणि सहा महिन्यांचा खर्च अधिक परतीचं तिकीट एवढी गंगाजळी अशा खात्यात ठेवा जिला सहज हात लावता येणार नाही. वाईट करारातून उठून जाण्याची हिंमत त्या खात्यातून येते.

३. देश तुम्ही निवडण्याआधी पासपोर्ट निवडतो

जाहिरातींत 'नेटिव्ह स्पीकर' हा शब्द सारखा दिसेल. तो तुमच्या उच्चारांबद्दल आहे असं वाटतं. व्हिसाच्या खिडकीवर मात्र त्याचा अर्थ पासपोर्टवर कोणता देश छापलेला आहे, एवढाच असतो.

कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा ई-२ व्हिसा सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारतीय पासपोर्टला तिथे एक अरुंद वाट आहे. २०१० साली लागू झालेल्या भारत-कोरिया आर्थिक भागीदारी कराराने पदवी आणि शिक्षक-प्रमाणपत्र असलेल्यांना सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून जाता येतं. चीनमध्येही याच सात देशांना प्राधान्य. पदवी लागते, आणि तिच्या जोडीला दोन वर्षांचा अनुभव किंवा इंग्रजी शिकवण्याचं १२० तासांचं प्रमाणपत्र. जुलै २०२१ मध्ये चीन सरकारने शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले आणि मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या मोठाल्या कंपन्यांचा धंदा बसला. त्याआधी लिहिलेले 'चीनमध्ये रग्गड कमवा' छापाचे लेख आता रद्दीत काढा.

परदेशी तरुणांना शाळांत सहायक भाषाशिक्षक म्हणून नेणारी जपानची 'जेट' ही सरकारी योजना १९८७ पासून चालू आहे. सहभागी देशांतल्या जपानी वकिलातींमार्फत शरद ऋतूच्या सुमाराला अर्ज, पुढच्या उन्हाळ्यात रवानगी, आणि जास्तीत जास्त पाच वर्षं. पदवी हवीच. भाषाशिक्षकाच्या व्हिसासाठी जपानमध्ये बारा वर्षांचं शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाल्याचा पुरावाही मागतात. मराठी माध्यमातल्यांनी हे अर्जाआधीच विचारून घ्यावं, नंतर रडण्यात अर्थ नाही. थायलंडमध्ये 'नेटिव्ह' न धरलेल्या देशांच्या माणसाकडे टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत किमान ६०० गुण किंवा तत्सम दाखला मागतात. मी तिथे गेले त्यामागे हे एक कारण होतं, दाराला कुलूप नव्हतं.

एकाच स्टाफरूममध्ये, एकाच वर्गाला, तेवढेच तास घेणाऱ्या दोघांचा पगार पासपोर्टवरून वेगळा असतो, हेही ऐकून ठेवा. माझ्या टेबलाशेजारचा मुलगा नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला, त्याला माझ्या दीडपट मिळायचं आणि पाठाचा आराखडा तो माझ्याकडून उतरवून घ्यायचा. राग येतो. मी दुसरी शाळा शोधताना पहिला प्रश्न हाच विचारला की पगारश्रेणी लेखी आहे का आणि ती सगळ्यांना एकच आहे का. असलेल्या शाळा कमी आहेत, पण आहेत.

४. प्रमाणपत्र

'टेफल' हे कुठल्या एका परीक्षेचं नाव नाही. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना इंग्रजी शिकवण्याच्या प्रशिक्षणाचा तो एक प्रकार आहे आणि जगभरातल्या टेफल अभ्यासक्रमांवर देखरेख करणारी एकच अशी संस्था नाही. म्हणून कोणीही उठून १२० तासांचं सर्टिफिकेट विकतं. काही अगदी चांगली असतात, काही म्हणजे शंभर प्रश्नांना टिक करा आणि पीडीएफ घ्या.

केंब्रिजचा सेल्टा आणि ट्रिनिटीचा सर्ट-टेसोल हे दोन अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी डोळे झाकून मानले जातात, कारण दोन्हींत खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं आणि मागे बसून कोणीतरी ते तपासत असतं. सेल्टा पूर्णवेळ केला तर चार-पाच आठवडे लागतात. त्या आठवड्यांत दुसरं काहीही होत नाही, झोपसुद्धा.

मी आधी स्वस्तातला ऑनलाइन केला आणि दोन वर्षांनी सेल्टा. सेल्टाच्या दुसऱ्या पाठानंतर प्रशिक्षक बाईंनी कागद पुढे सरकवला. चाळीस मिनिटांच्या पाठात मी एकतीस मिनिटं बोलले होते. विद्यार्थी बारा. त्यांच्या वाट्याला माणशी मिनिटसुद्धा आलं नव्हतं, आणि मला मात्र पाठ झकास झाला असं वाटत होतं.

दोनांपैकी काय घ्यायचं? एखादं वर्ष जाऊन बघायचं असेल तर प्रत्यक्ष शिकवण्याचे थोडे तरी तास असलेला १२० तासांचा अभ्यासक्रम पुरे. हेच काम धरायचं असेल तर रजा साठवून थेट सेल्टा करा. कुठलंही घेण्याआधी, ज्या देशात जायचं तिथला शाळेचा माणूस ते प्रमाणपत्र परवान्याला चालतं असं लेखी सांगतो का ते बघा.

५. कागदपत्रं

इथे महिने जातात, त्यामुळे सर्वांत संथ कागद आधी सुरू करा. माझी यादी:

– मूळ पदवी प्रमाणपत्र आणि सर्व वर्षांच्या गुणपत्रिका
– अध्यापनाचं प्रमाणपत्र
– पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला, राष्ट्रीय पातळीवरचा
– निदान दीड-दोन वर्षं मुदत आणि पुरेशी कोरी पानं शिल्लक असलेला पासपोर्ट
– इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल (आयएल्ट्स आणि टोइकचे गुण दोन वर्षंच चालतात)
– वैद्यकीय तपासणी, जी बऱ्याच देशांत तिथे पोचल्यावर पुन्हा करतात
– आधीच्या नोकरीचं अनुभवपत्र आणि दोन शिफारसपत्रं
– व्हिसाच्या मापाचे डझनभर फोटो
– या सगळ्याचे स्वच्छ स्कॅन, दोन ठिकाणी ठेवलेले

पदवी नुसती दाखवून भागत नाही, ती खरी आहे याचा सरकारी दाखला लागतो. त्याला अपोस्टिल म्हणतात. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारात तुमचा देश आणि जायचा देश दोघेही असतील आणि तो त्या दोघांत लागू असेल तर हा एक दाखला पुरतो. तसं नसेल तर वकिलातीतून साक्षांकन करून घ्यावं लागतं, म्हणजे आणखी एक खेप आणि आणखी काही आठवडे. चीन या करारात ७ नोव्हेंबर २०२३ पासून आला, त्यामुळे तिथली जुनी माहिती पुन्हा तपासून घ्या. आपल्या आणि जायच्या देशात तो लागू आहे का हे हेग परिषदेच्या संकेतस्थळावर बघा, एजंटाच्या तोंडावर जाऊ नका.

आता खाचखळगे. पदवी लॅमिनेट केली असेल तर तिच्या मागे ना शिक्का मारता येतो ना स्टिकर लावता येतो. विद्यापीठाकडून दुसरी प्रत काढावी लागते. ज्यांनी अजून केली नाही त्यांनी मोह आवरा. पोलिसांचा दाखला फार आधी काढू नका, बहुतेक ठिकाणी तो सहा महिन्यांच्या आतला लागतो.

आणि नाव! माझ्या पदवीवर आधी आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर माझं आणि वडिलांचं नाव एकत्र, आडनाव वेगळ्या रकान्यात. तिथल्या कारकुनाने पदवीवरचा शेवटचा शब्द आडनाव समजून अर्ज भरला आणि परवान्याची फाइल परत आली. 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र, त्याचं भाषांतर, त्यावर शिक्का. पाच आठवडे. लग्नानंतर नाव बदललं असेल तर हे प्रतिज्ञापत्र निघण्याआधीच करून ठेवा.

६. नोकरी शोधणं

एजंट असायला हरकत नाही. या धंद्यात त्याचे पैसे शाळा देते. तो तुमच्याकडे नोंदणीचे, जागा राखून ठेवण्याचे किंवा व्हिसा 'लवकर करून देण्याचे' पैसे मागायला लागला की बोलणं तिथेच थांबवा.

हंगाम पाळा. कोरियाच्या सरकारी शाळांची भरती फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या रुजू होण्यासाठी चालते, थायलंडमध्ये मेच्या आधी आणि ऑक्टोबरात जागा निघतात. जपानचं शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. हंगामाबाहेर अचानक रिकामी झालेली जागा दिसली तर आधीचा शिक्षक मध्येच का गेला हे विचारा.

मुलाखतीत दहा मिनिटांचा नमुना पाठ घ्यायला लावतात. मुलाखत घेणाऱ्यालाच विद्यार्थी करा आणि त्याला बोलतं करा. व्याख्यान देऊ नका. शेवटी तुमच्या बाजूने एक मागणी: सध्या तिथे शिकवणाऱ्या एका शिक्षकाशी, आणि जमलं तर सोडून गेलेल्या एकाशी बोलायचंय. नकार आला तर तेही उत्तरच आहे.

७. करार पेन हातात घेऊन वाचा

माझ्या पहिल्या करारात 'आठवड्याला २० तास' असं लिहिलं होतं. मी खूश. ते वीस म्हणजे फळ्यासमोरचे तास. सकाळी साडेसातला फाटकावर उभं राहणं, बदली तास, वह्या तपासणं, महिन्यातून एका शनिवारचं इंग्रजी शिबिर आणि मोकळ्या तासांनाही शाळेतच बसणं यातलं काहीच त्यात मोजलेलं नव्हतं. सगळं मिळून बेचाळीस भरले. तेव्हापासून मी दोन आकडे वेगळे लिहून मागते: शिकवण्याचे तास आणि शाळेत हजर राहण्याचे तास.

बाकी कलमं अशी तपासा. सुट्टीतला पगार आहे का. मध्येच सोडलं तर दंड किती. 'अनामत' म्हणून पहिल्या महिन्यांत पगार कापून ठेवतात का आणि तो कधी परत देतात. व्हिसा, परवाना, तिकीट यांचा खर्च कोणाचा. आरोग्य विमा पहिल्या दिवसापासून की चाचणीकाळ संपल्यावर. बाहेर शिकवण्या घेता येतात का (बहुधा नाही, आणि घेतल्या तर परवानाच धोक्यात). वर्ष पूर्ण झाल्यावर मोठी रक्कम मिळणार असेल तर अकराव्या महिन्यात काढून टाकण्याविरुद्ध काय तरतूद आहे. कोरियातल्या हागवॉनबद्दल ही तक्रार फार जुनी आहे.

करार दोन भाषांत असेल तर वाद झाल्यावर कुठली प्रत मानायची हे एका ओळीत लिहिलेलं असतं. ती बहुधा तुम्हाला वाचता न येणारी असते. थोडे पैसे मोडून तीच प्रत कोणाकडून तरी वाचून घ्या.

८. व्हिसा आणि शिक्के

'टुरिस्ट व्हिसावर या, मग बदलून देऊ' असं सांगणाऱ्या शाळेला नाही म्हणा. पर्यटक म्हणून शिकवताना पकडलं गेलं तर दंड, हद्दपारी आणि पुढच्या व्हिसांवर डाग तुमच्या नावावर पडतो, शाळा दुसऱ्या दिवशी दुसरा शिक्षक आणते. चीनचा कामाचा व्हिसा 'झेड' आहे. त्यावर आत शिरल्यावर ३० दिवसांत निवास परवान्याचं काम करावं लागतं. थायलंडमध्ये नॉन-इमिग्रंट बी व्हिसा, त्यावर वर्क परमिट, आणि दर ९० दिवसांनी आपला पत्ता कळवणं. तारीख फोनमध्ये घाला.

आता तो शिक्का. थायलंडमध्ये वर्षभराची मुदतवाढ मिळाली म्हणजे वाटेल तसं आत-बाहेर करता येतं अशी माझी समजूत होती. जोडून सुट्टी आली, चार दिवस शेजारच्या देशात गेले, परतल्यावर विमानतळावरच्या अधिकाऱ्याने पानं उलटली, पुन्हा उलटली आणि विचारलं, 'री-एंट्री परमिट?' तो न घेता देशाबाहेर पडलं की मुदतवाढ रद्द होते. सगळी फाइल पहिल्यापासून. चूक निव्वळ माझी होती.

पासपोर्ट कामापुरता द्या, काम झालं की त्याच दिवशी परत मागा. 'आमच्या तिजोरीत सुरक्षित राहील' हे ऐकून घेऊ नका.

९. आता राजीनामा

हो, नववी पायरी. सही झालेला करार आणि व्हिसाची कागदपत्रं हातात पडेपर्यंत साहेबाच्या केबिनमध्ये जाऊ नका. नोटीस पीरियड शाळा सुरू होण्याच्या तारखेशी जुळवा. अनुभवपत्र, पगाराच्या स्लिपा, कराचे कागद निघण्याआधीच घ्या. घरचा फोन नंबर रोमिंगवर जिवंत ठेवा: बँकेचा ओटीपी त्यावरच येतो, आणि नंबर बंद पडला की स्वतःच्याच पैशाला हात लावता येत नाही.

घरच्यांना दुसऱ्या पायरीतला कागद दाखवा. माझ्या आईला 'स्वप्न' वगैरे शब्द ऐकून धडकी भरायची. तो ९ चा आकडा आणि परतीच्या तिकिटाची सोय बघितल्यावर ती म्हणाली, 'मग ठीक आहे, जा.'

१०. पहिला महिना

पहिल्या दिवशी त्रेचाळीस मुलं एकदम उभी राहिली आणि एका चालीत म्हणाली, 'गुड मॉर्निंग, टीचर!' मी विचारलं, 'हाऊ आर यू?' त्याच चालीत उत्तर, 'आय अॅम फाइन, थँक यू, अँड यू?' मधल्या सुट्टीत पडून कोपर खरचटलेला एक मुलगा रडत आला. मी खाली बसून विचारलं, 'हाऊ आर यू?' हुंदके देत तो म्हणाला, 'आय अॅम फाइन, थँक यू, अँड यू?' पुस्तकातला पहिला धडा बाजूला ठेवला आणि तो आठवडा मी दुसरी पाच उत्तरं शिकवण्यात घालवला: दमलोय, भूक लागलीय, उकडतंय, दुखतंय, कंटाळा आलाय. शेवटचं सगळ्यांत लवकर आलं.

सोबत न्यायची सामग्री: फळ्याचे मार्कर, चिकटपट्टी, मोठ्या आकड्यांचं टायमर, कोरी कार्डं. प्रोजेक्टरवर विसंबू नका. सूचना द्यायची ती तीन-चार शब्दांत, आणि 'समजलं का?' असं विचारू नका, सगळे 'येस' म्हणतात. 'जोडीने की एकट्याने? लिहायचं की बोलायचं?' असं विचारा, मग कळतं.

उच्चारांची तयारी घरूनच करा. मराठीत एकाच 'व' वर आपण व्ही आणि डब्ल्यू दोन्ही भागवतो. माझं 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' सारखंच यायचं आणि ते मला वयाच्या पस्तिशीपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकायचे, डब्ल्यूला ओठांचा चंबू. थाईतही व्हीचा उच्चार नाही, त्यामुळे मुलांची अडचण तीच. एक हातआरसा फिरवायचा, पहिल्यांदा मी, मग मुलं. माझा चंबू बघून जो हशा पिकायचा, त्याने लाजरी मुलंसुद्धा तोंड उघडायला लागली.

११. शाळा सोडताना

दुसऱ्या शाळेत जायचं असो की घरी परतायचं, जुना परवाना रीतसर रद्द करून घ्या आणि नव्या व्हिसाची तारीख त्याच्याशी जुळवा. बऱ्याच देशांत नोकरी संपली की राहण्याचा हक्कही तिथेच संपतो. थायलंडमध्ये मुदतीबाहेर राहिल्यास दिवसाला ५०० बाट दंड आहे. कर भरल्याचा दाखला घ्या. अनुभवपत्र शेवटच्या आठवड्यात मागू नका, महिनाभर आधी मागा. त्यावर रुजू आणि सोडल्याच्या तारखा, शिकवलेले वर्ग, आठवड्याचे तास, शाळेचा शिक्का आणि इंग्रजी मजकूर असायला हवा. मुख्याध्यापक बदलले की नंतर कोणी तुम्हाला ओळखत नाही.

पत्र मिळाल्यावर तिथेच उभं राहून पासपोर्टशी ताडून बघा. माझ्या पत्रात आडनावाच्या जागी पुन्हा वडिलांचं नाव आलं होतं. कारकूनबाई जेवायला निघाल्या होत्या. मी बाकावर बसून राहिले, त्या परत आल्या, दुरुस्त करून नवा शिक्का मारून घेतला आणि मगच फाटकाबाहेर पडले.